चार पायांची सवत

थंडी पडली की माझ्या वयाच्या बायकांचे गुडघे धरतात. माझा मत्सर धरतो. जुनाच आहे, पण दर वर्षी हुरड्याची कणसं बाजारात दिसली की नवा होऊन बसतो.

नांदेडची थंडी ती केवढीशी. सकाळी नदीकडून थोडं धुकं वर येतं, रिक्षावाले कानाला मफलर गुंडाळतात, आणि ऊन चढलं की सगळेच पंखा लावायचा का नाही यावर वाद घालतात. पण तेवढ्याशा थंडीतही एखाद्या हातगाड्यावर बोरांचा ढीग दिसतो, कुठं तरी शेकोटीचा धूर नाकात जातो, आणि मी ही पिशवी हातात धरून उभी असलेली म्हातारी राहत नाही. मी एकोणीस-वीस वर्षांची, नाकात नवी नथ टोचणारी, अक्कल माहेरी विसरून आलेली सून होते. आणि एका कुत्र्यावर जळायला लागते.

हो, कुत्र्यावर. चार पाय, एक शेपूट.

यंदा याला निमित्त झालं आमच्या नातीचं. श्रेया लातूरला असते, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करते. चार दिवस सुटी मिळाली म्हणून आली होती. पुस्तकाने डोकं शिणलं की मोबाइल काढायचा, मोबाइलने शिणलं की पुस्तक, असा तिचा अभ्यास. आल्या दिवशीच आजोबांच्या शेजारी बसून म्हणाली, "आजोबा, हे बघा, किती जुना मुका सिनेमा आहे. पण कुत्रा बघा ना, कसला भारी!"

आता आमचे हे म्हणजे दारावरची बेल यांना ऐकू येत नाही. कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. मी शेजारी उभी राहून औषध घ्या म्हटलं तर 'पाऊस? कुठं?' म्हणतात. पण मुका सिनेमा त्यांना लख्ख ऐकू आला. पाठीचा लोड सोडून ताठ बसले आणि ओरडले, "आली! आली बघ, आली!"

"आजोबा, आला. तो कुत्रा आहे."

"आली," हे म्हणाले.

मी कणीक मळत होते. हात थांबला. ओलाच हात घेऊन बाहेर आले आणि पडद्यावर, म्हणजे त्या तळहाताएवढ्या काचेवर, वाकून पाहिलं. लांब भुरे केस, टोकदार तोंड, पाण्यातून निघून अंग झटकणं. तोच सिनेमा होता का दुसरा, कोण जाणे. कुत्री सगळी सारखीच दिसतात. निदान सवतीच्या डोळ्यांना दिसतात.

"हीच ती," मी म्हटलं.

"कोण गं आज्जी?"

"माझी सवत."

श्रेया हसून हसून गादीवर पडली. हे हसले नाहीत. त्यांचं लक्षच नव्हतं.

*

माझं लग्न मुखेडकडच्या एका गावात झालं. लग्नात आमच्याकडं नवरीचं नाव बदलायचे. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. यांनी लिहिलं, 'सुमित्रा'. अक्षर बरं होतं. मी वाकून वाचेपर्यंत कुणी तरी ते तांदूळ गोळा करून ओटीत घातलेसुद्धा. माहेरी मी मैना होते. सकाळी मैना म्हणून उठले आणि संध्याकाळी सुमित्रा म्हणून बैलगाडीत बसले. निघताना आई गाडीच्या चाकाला धरून 'मैने, मैने' करत रडत होती आणि हे मुंडावळ्या सावरण्यात गर्क होते. ऐकलंच नसेल, असं मी धरून चालले.

बरं, नवं नाव दिलं तर ते तरी वापरावं? तेही नाही. आईबापांसमोर बायकोला नावानं हाक मारणं म्हणजे निर्लज्जपणा. मग मी झाले 'ऐकलं का'. घरात 'ऐकलं का', शेतात 'ऐकलं का', आणि फारच गोडीत असले तर नुसतं खोकायचे. कोणता खोकला माझ्यासाठी आणि कोणता थंडीचा, हे ओळखायला मला सहा महिने लागले.

मला दुसरं काही नको होतं. दागिना नको, लुगडं नको. एकदा या माणसाच्या तोंडून माझं नाव ऐकायचं होतं. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा त्यावर मी जात्याशी रडायचे आणि पिठात मीठ घालायचं विसरायचे.

*

त्या वर्षी ज्वारी दाट आली होती. सकाळी दवानं पदर भिजायचा. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, आणि शेजारच्या गावची खंडोबाची जत्रा भरली होती. जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा. तंबूवाल्यांना सगळे चाचा म्हणायचे. त्या साली चाचांचं आवाजाचं मशीन पहिल्याच दिवशी बंद पडलं. पडद्यावर नट तोंड हलवतोय आणि आवाज नाही म्हटल्यावर लोकांनी दगड मारले. चाचांकडं वडिलांच्या वेळचा एक मुका विलायती सिनेमा पत्र्याच्या डब्यात पडून होता. तो तरी मुळातच मुका, त्याला कोण दगड मारणार? फक्त गोष्ट सांगायला माणूस हवा होता. बाहेर गर्दी बोलावायचा भोंगा तेवढा चालू होता, त्यावर बोलेल असा.

आमच्या यांचा आवाज पंचक्रोशीत प्रसिद्ध. रानात उभं राहून बैलाला हाक मारली तर दुसऱ्याचे बैल थांबायचे. चाचांनी यांनाच धरलं.

मग रोज संध्याकाळच्या पहिल्या खेळाला हे जायचे आणि घसा बसवून परत यायचे. मी मिठाचं कोमट पाणी द्यायची. गुळण्या करता करता, माझ्याकडं न बघता, आपल्याच तंद्रीत बोलायचे.

"काय डोळे हाईत तिचे!"

मी तांब्या घट्ट धरला.

"लांब भुरे केस. नदीतून निघाली अन् अंग असं झटकलं, समदा तंबू गार झाला."

"कोण?" मी विचारलं.

"अन् जीव किती लावावा एखादीनं! आगीत उडी घेतली तिनं, आगीत."

माझी नणंद कमल तिथंच शेंगा सोलत होती. मला छळायची एकही संधी ती सोडायची नाही. "दादा, नाव काय तिचं?"

यांच्या कानाच्या पाळ्या लाल. "हाय काही तरी," म्हणाले आणि गोठ्यात निघून गेले.

कमल माझ्या कानाशी आली. "वैनी, सांभाळ. दादा लई गुंतून राहिला तिच्यात."

आता सांगा, मी काय समजायचं? मराठीत 'ती' म्हटलं, केस म्हटले, डोळे म्हटले, तर कुणाला कुत्रं आठवेल? मला आठवली ती कुणी तरी पांढऱ्या पायांची मडम. पुढचे काही दिवस मी जे केलं ते मी श्रेयालाही सांगितलेलं नाही. केसांना इतकं तेल चोपडलं की पदर घसरायचा. डोळ्यांत एवढं काजळ भरलं की आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात, मला डोळे आले असं समजून शेवग्याच्या पाल्याचा रस घालायला बसवलं. ती मडम यांच्याकडं 'पळत पळत' येते असं कानावर आलं होतं. म्हणून दुपारची भाकरी घेऊन मी शेतात पळत गेले. बांधावरून उडी मारली. पिठलं ज्वारीच्या धाटांवर आणि मी पिठल्यावर.

हे औत थांबवून बघत राहिले. "मागं काय वाघ लागला का?"

हेच मडमेनं केलं असतं तर तंबूत टाळ्या पडल्या असत्या.

*

शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, "चला, देवाला जाऊन येऊ, अन् ह्याचा तमाशाबी बघू."

तंबूत बायकांची बाजू वेगळी होती. मध्ये दोरी आणि दोरीवर धोतर. खाली भुई गार, वरून कापडाला चिकटलेला धुरकट वास, कोपऱ्यात गॅसबत्तीची फुसफूस. बाहेर गुळाच्या गोडीशेवेची गाडी होती; आत्याबाईंनी पुडी आधीच कनवटीला लावलेली. पडद्याशेजारी स्टुलावर हे बसलेले, हातात भोंग्याचा माईक. मी त्यांना इतक्या लांबून कधी पाहिलं नव्हतं. लांबून माणूस बरा दिसत होता, त्यानं आणखीच राग आला.

सिनेमा सुरू झाला. एक गोरा नायक, एक नायिका, एक मिशीवाला दुष्ट. मध्ये मध्ये काळी पाटी यायची, तिच्यावर इंग्रजी अक्षरं. यांना इंग्रजीचा गंध नव्हता. पाटी आली की हे खणखणीत वाचायचे, "हिथं लिवलंय की..." आणि मग मनाला येईल ते. पाटीवर दोनच शब्द असले तरी यांचं भाषण पाटी जाऊन घोडा आला तरी संपत नसे. नायकाला त्यांनी आमच्या पाटलासारखं बोलायला लावलं होतं, दुष्टाला तलाठ्यासारखं.

मी मडमेची वाट पाहत होते. ती आली, रडली, गेली. तिच्यासाठी यांचा आवाज काही हलला नाही. म्हणजे ही नव्हे. मग कोण?

तेवढ्यात टेकडीवरून एक कुत्रं धावत आलं.

"आली!" भोंगा गरजला, आणि त्या आवाजात असं काही होतं की माझ्या अंगावर काटा आला. "आली बघा, आली! आली माझी मैना!"

मैना.

मी कमलकडं पाहिलं. तिनं पदर तोंडात कोंबला होता.

पुरुषांच्या बाजूनं कुणी ओरडलं, "आरं, त्ये कुत्रं हाय, कुत्री न्हाई! दिसंना का?" मागून मशीनजवळून चाचा वैतागले, "कित्ती बार बोला, मियां! कुत्ता हे वो, आया बोलो, आया! अन् कुत्ते का नाम मैना? कल कू घोडे का नाम कबूतर रखते क्या?"

तंबू खदखदला. यांच्यावर परिणाम शून्य. "मैना आली," ते शांतपणे म्हणाले.

माझ्या आत काय पेटलं ते सांगता येत नाही. मडम परवडली असती. माझं नाव तांदळात पुसलं होतं ते पुसलं, पण ते उचलून हा माणूस एका कुत्र्याला घालतो? मला 'ऐकलं का' आणि त्याला 'मैना'? मला खोकला आणि त्याला, 'ये गं बाई, दमलीस का, पाय पोळले का गं तुझे'? पडद्यावर ते कुत्रं आगीतून निघालं, दुष्टाच्या धोतराला, म्हणजे विजारीला, लोंबकळलं, सगळ्या बायका 'अगं माय' करत होत्या, आणि मी मनात म्हणत होते, पड. बूड. पाय मोड तुझा.

मग तो प्रसंग आला. दुष्टानं नायिकेला पाणचक्कीत कोंडलेलं. पाणी चढतंय. नायक नदीच्या अलीकडं जखमी पडलेला. तो कोपरावर उठतो, दोन्ही हात तोंडाशी नेतो आणि हाक मारतो. आवाज अर्थातच नाही. आवाज आमच्या यांचा.

"मैने! ए मैने! कुठं हाईस गं? तुझ्याबिगर माझं कुणी न्हाई ह्या घरात. ये की गं!"

आणि मी म्हणाले, "ओ!"

मोठ्यांदा. आई विहिरीवरून हाक मारायची तेव्हा द्यायची तशी. विचार करायला वेळच मिळाला नाही. इतके दिवस ती हाक कानावर आली नव्हती. आली तर जीभ आपली आपण हलली.

मग चाचा, "अरे वा रे मियां! कुत्ती ने जवाब दिया!" आणि जो हशा उसळला त्यानं कनाती हलल्या.

हे मात्र बोलायचे थांबले. कुत्र्यानं नदीत उडी घेतली, मुक्यानंच. पोहलं, मुक्यानंच. दातानं कडी काढली, मुक्यानंच. भोंग्यातून नुसता यांचा श्वास ऐकू येत होता, धापा टाकल्यासारखा, जणू हेच पोहून आले. आणि माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. घर म्हणाले होते ते. नदीवर पडलेल्या माणसाला घर कुठलं? आणि मुंडावळ्या सावरताना त्यांनी सगळं ऐकलं होतं.

एवढी साधी गोष्ट तुमच्या कधीच लक्षात आली असणार. मला तिथं बसून, त्याच तंबूत, त्याच भोंग्याखाली कळत नव्हती.

शेवटी नायक आणि नायिका एकमेकांजवळ येऊ लागले तसं चाचांनी डोक्यावरची टोपी काढून मशीनच्या तोंडापुढं धरली. बायामाणसं आहेत म्हणून. पडदा काळा. त्या अंधारात आत्याबाईंनी माझ्या हातावर गोडीशेव ठेवली.

"माहेरचं नाव मैना न्हाई का तुझं?"

"हाव," मी पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढता काढता लेकाला म्हणाल्या, "नाव घ्यायचं तर घरात घे. समद्या जत्रंला कशापायी ऐकवून राहिलास?"

*

परवानगी मिळाली. आणि हा भोंगाबहाद्दर घरात माझ्यासमोर उभा राहिला, तोंड उघडलं, "मै..." म्हणाला आणि खोकला.

जमेना. माईक हातात नाही, अंधार नाही, मध्ये कुत्रं नाही. मग त्यांनी उपाय काढला. जत्रा उठली त्या दिवशी धोतराच्या सोग्यात एक पिल्लू घेऊन आले. भुरं, लांब केसांचं.

"हिचं नाव मैना," म्हणाले.

आत्याबाईंनी पिल्लू उलटं करून पाहिलं. "आरं, ह्यो तर..."

"असू दे."

झालं. अंगणातून 'मैने' अशी हाक यायची आणि आम्ही दोघी जायचो. मी चुलीवरून, ते उकिरड्यावरून. मेलं रोज माझ्याआधी पोचायचं. चार पाय आणि लुगडं नाही, त्याला काय लागतं? मी पोचेपर्यंत यांचा हात त्याच्या डोक्यावर. मी धापा टाकत विचारायचे, "हाक कुणाला मारली?"

"जी आली तिला," हे म्हणायचे.

मी अर्धी भाकरी त्याला कमी टाकायचे, इतकंच हातात होतं. मग रात्री ते थंडीनं कुंईकुंई करायला लागलं की गोणपाट मीच घालायचे. सवतीचं सगळं सवतीलाच करावं लागतं.

ते कुत्रं पुष्कळ जगलं. आत्याबाई गेल्या, कमल सासरी गेली, मुलं झाली, तरी अंगणात ते होतंच. गेलं तेव्हा तुरीच्या वावरात यांनी त्याला पुरलं आणि त्यानंतर तशी हाक पुन्हा आली नाही. कुणाला मारणार? कुत्रं गेलं आणि माझं नाव दुसऱ्यांदा गेलं. त्या कुत्र्यासाठी मी रडले ते लोकांना माया वाटली. होतीच माया. पण अर्धं रडणं माझ्यासाठी होतं.

पुढं हे एस.टी.त कंडक्टर झाले, आम्ही नांदेडला आलो. जन्मभर या माणसानं गावांची नावं घेतली. स्टँडवर उभं राहून हदगाव, हदगाव! मुखेड, मुखेड! असं ओरडायचे की झोपलेली माणसं उठून भलत्याच गाडीत बसायची. मी डबा घेऊन गेले की बाजूला उभी राहून ऐकायचे. वाटायचं, हदगाव व्हावं. निदान दिवसातून दोन वेळा हाक तरी.

मी मात्र आधी 'आई' झाले, मग 'आज्जी'. आधार कार्डावर सुमित्रा आहे. मैना कुठंच नाही.

*

तर त्या दिवशी श्रेयाच्या मोबाइलवर ते कुत्रं धावत होतं आणि हे 'आली, आली' करत होते. शेवटी नायक-नायिका जवळ यायला लागले. यांनी झटकन तळहात काचेवर ठेवला.

"आजोबा, हात काढा ना!"

"थांब. टोपी पडली," हे म्हणाले.

श्रेयाला काही कळलं नाही. मला कळलं, आणि हसू यायला हवं होतं. पण मला आला राग. दोन दिवस हेच चाललं. सकाळी उठून 'श्रेया, ती लाव'. जेवताना 'ती लाव'. माझ्याकडं बघायला सवड नाही, आणि या वयात, या गुडघ्यांनी, मी बांधावरून उडी कशी मारू? तिसऱ्या दिवशी श्रेया लातूरच्या गाडीत बसली, मोबाइल अर्थात तिच्याबरोबर. हे गॅलरीत खुर्चीवर जाऊन बसले, कानटोपी घालून, तोंड पाडून. विरह चालला होता. मीही बोलले नाही. म्हटलं, झुरा.

आज सकाळी मी स्वयंपाकघरात खाली बसून हुरड्याचे दाणे निवडत होते. गॅलरीतून ऊन थेट फरशीपर्यंत आलेलं. आणि हाक आली.

"मैने!"

'ओ' ओठापर्यंत आली. तिथंच धरली.

म्हटलं, आधी खात्री करून घ्यावी. मोबाइल लातूरला. टीव्ही बंद, त्याची वायर मला इथून दिसत होती. वरच्या मजल्यावर एक पांढरं गुबगुबीत कुत्रं आहे, पण त्याचं नाव ब्रुनो. तुरीच्या वावरातलं तर तिथून उठून येणार नाही. मी मोजदाद पुन्हा केली. घरात दोनच जीव होते. त्यातला एक हाक मारत होता.

"ए मैने! कुठं हाईस गं?"

या खेपेला आवाज स्टँडवरचा होता. खाली भाजीवाला थांबला असणार. समोरच्या गॅलरीतल्या बाईंनी नक्की मान वर केली असणार. माझ्या हातातले दाणे ताटात पडले. उठायला हात फरशीवर टेकला सुद्धा होता.

मग तो उचलला, पदर नीट केला आणि दुसरं कणीस घेतलं. मारू दे आणखी एकदा. पहिल्या हाकेला धावत जायला मी काय कुत्री आहे?